दुष्काळ, लाज आणि भंगलेलं देऊळ : वाचकांचे प्रश्न

संकटातून माणसाला स्वतःची ओळख कशी पटते, आणि कविता-चित्रपट ते कसं दाखवतात, या विषयावर आलेल्या पत्रांतली आठ इथे घेतली आहेत. काही पत्रांत घरातलं बरंच काही असल्यानं नावं न छापता फक्त गावं दिली आहेत.

प्रश्न : मी बी. ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. ‘संतकवितेतील दुःख आणि आत्मशोध’ हा प्रश्न हमखास येतो. आम्ही सगळ्या एकच लिहितो : सोनं तापल्याशिवाय उजळत नाही, तुकोबांवर दुष्काळ आला आणि ते संत झाले. सर म्हणतात, हे उत्तरच नव्हे. मग लिहायचं काय? (विद्यार्थिनी, अंबाजोगाई)

उत्तर : सरांचं म्हणणं रास्त आहे. १६३० ते १६३२ या काळात दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. माणसं अन्नावाचून मेली, गावं ओस पडली. तो दुष्काळ असंख्यांनी सोसला, तुकोबा मात्र एकच झाले. तेव्हा नुसता दुष्काळ सांगून भागत नाही. दुष्काळ आणि कविता यांच्या मधल्या काळात काय घडलं, ते सांगावं लागतं. तुकोबांनी ते स्वतःच सांगून ठेवलंय, तेही क्रमानं. ‘याती शूद्र वैश केला वेवसाव’ हा अभंग उघडा आणि हातात पेन्सिल घेऊन एकेक चरण वाचा.

आधी आईवडील गेल्याचं येतं. मग ‘दुष्काळें आटिलें द्रव्य नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’. पैसा गेला, पत गेली, बायको भुकेनं गेली. लगेच पुढचा चरण बघा : ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां’. इथे अजून ज्ञान नाही, वैराग्य नाही. लाज आहे. धंदा बुडालेल्या, घरचं माणूस जगवू न शकलेल्या कर्त्या पुरुषाची लाज. मोंढ्यात उधारी थकली की माणूस चौक टाळून मागच्या गल्लीनं घरी जातो, तीच. बहुतेक उत्तरपत्रिका हा शब्द ओलांडून थेट विठ्ठलापाशी पोचतात आणि तिथेच उत्तर पोकळ होतं.

या लाजेनंतर काय? ‘देवाचें देऊळ होतें तें भंगलें । चित्तासी जें आलें करावेंसें’. पडकं देऊळ दिसलं आणि ते नीट करावंसं वाटलं. म्हणजे पहिली पायरी विचाराची नाही, हातानं करायच्या कामाची आहे. मग एकादशीचं कीर्तन, पण ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’, तयारी नव्हती याची कबुली. म्हणून ‘कांहीं पाठ केलीं संतांचीं उत्तरें’, दुसऱ्यांचे शब्द पाठ केले. मग गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. आणि या टप्प्यावर येतं ‘लाज नाहीं मनीं येऊं दिली’. लाज पुन्हा दारात आली, पण या वेळी तिला आत घेतलं नाही. एका लाजेपासून दुसऱ्या लाजेपर्यंतचं हे अंतर तुमच्या उत्तराचा गाभा आहे. त्यानंतरच ‘सत्य असत्यासी मन केलें ग्वाही । मानियेलें नाहीं बहुमतां’ म्हणण्याची ताकद येते : खरंखोटं ठरवायला साक्षीदार आपलंच मन, चारचौघांचं मत नव्हे. कवित्वाची स्फूर्ती याच्याही पुढे. आणि तिथेही सुख नाहीच. निषेध होतो, वह्या बुडवाव्या लागतात, धरणं धरून बसावं लागतं.

‘बरें जालें देवा निघालें दिवाळें । बरी या दुष्काळें पीडा केली’ हा अभंग सगळ्यांना पाठ असतो आणि सगळ्यांत चुकीचा वापरला जातो. पहिल्या दोन चरणांवर थांबलात तर तुकोबा दुष्काळाचं कौतुक करतात असं वाटेल. पुढचा चरण आहे ‘अनुतापें तुझें राहिलें चिंतन’. दिवाळं आणि चिंतन यांच्या मध्ये अनुताप आहे, तो गाळायचा नाही. शिवाय इथला माणूस मागे वळून पाहतोय. दोन्ही अभंग शेजारी ठेवले की कळतं : भूक सांगताना ‘बरें’ हा शब्द कुठेही नाही. ‘बरं झालं’ म्हणण्याचा हक्क ज्यानं सोसलं त्याचा, तोही नंतरचा. दुसऱ्याच्या दुष्काळाला आपण ‘बरं झालं’ म्हणायचं नाही.

दहा गुणांचं उत्तर तीनशे शब्दांत बसवायचं तर सुरुवातीलाच आपलं म्हणणं एका वाक्यात मांडा. मग लाज, देऊळ, पाठांतर, पुन्हा लाज हा क्रम प्रत्येकी एका चरणासह द्या. शेवटी ‘बरें जालें’ अभंग त्या क्रमात कुठे बसतो ते सांगा. पाचाहून जास्त चरण उद्धृत करू नका, नाहीतर विवेचनाला जागा उरत नाही. सोनं आणि अग्नी यांना सुट्टी द्या.

प्रश्न : मी शेतकरी आहे. गारपिटीत हरभरा आणि द्राक्ष गेली तेव्हापासून अभंगाच्या चालीत लिहितो. ऐकणारे म्हणतात, ओढूनताणून वाटतं. चूक कुठे होते? (सेनगाव, जि. हिंगोली)

उत्तर : पाठवलेल्या रचना वाचल्या. आशय अस्सल आहे, मोजणी घसरते. मोठ्या अभंगात एका कडव्यात चार तुकडे असतात : सहा, सहा, सहा आणि चार अक्षरं. मोजायची ती अक्षरं, मात्रा नव्हेत. ऱ्हस्व-दीर्घ सारखंच, जोडाक्षर एकच. ‘बरें जालें देवा’ सहा, ‘निघालें दिवाळें’ सहा, ‘बरी या दुष्काळें’ सहा, ‘पीडा केली’ चार. यमक दुसऱ्या आणि तिसऱ्या तुकड्यात जुळतं, ‘दिवाळें’ आणि ‘दुष्काळें’. चौथा तुकडा मोकळा असतो. तुम्ही चौथ्यालाही यमक लावायला जाता, म्हणून शब्द ओढावे लागतात.

दुसरी चूक जास्त महत्त्वाची. चौथा तुकडा आखूड आहे, तिथे आवाज खाली येतो आणि ऐकणारा थांबतो. जड गोष्ट तिथे यायला हवी. तुम्ही तिथे ‘हो देवा’, ‘रे माझ्या’ अशी भर घालता. एका रचनेत तुमची गार तिसऱ्या तुकड्यात पडते आणि चौथ्यात ‘काय सांगू’ येतं. उलटं करा. तिसऱ्यात आभाळ, चौथ्यात ‘घड गेला’ किंवा जे गेलं ते, नावानिशी.

एक गंमत बघा. वर आलेला ‘स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली’ हा तुकडा प्रचलित पाठाप्रमाणे मोजा. ‘स्त्री एकी अन्न अन्न’ ही सात अक्षरं होतात, ‘करितां मेली’ पाच. सहा-चारच्या साच्यात दोन अक्षरं जास्त. गाताना ती सामावून घेतात, पण वाचताना जीभ नेमकी ‘अन्न अन्न’पाशी अडखळते. ते मुद्दाम केलं असं म्हणायला आधार नाही, पण साचा मोडला म्हणून ओळ पडली नाही. तेव्हा आधी साचा पक्का करा. एखाद्या ठिकाणी आशयच मावत नसेल तर तिथे मोडू द्या, मात्र सगळीकडे मोडलेला साचा हा साचाच राहत नाही. सहा-चार जमेना तर आठ-आठचा लहान अभंग घ्या. ‘विश्व रागे झाले वन्ही । संते सुखे व्हावे पाणी’ या मुक्ताबाईंच्या ताटीच्या अभंगातल्या ओळी बोटांवर मोजून पाहा. बोलीत लिहायला तो सोपा जातो.

प्रश्न : आमच्या गंगाखेडची जनाबाई दळता कांडता देव गाते, एवढंच शाळेत शिकवतात. आमच्या गल्लीत अजून तीन-चार म्हाताऱ्या ओव्या म्हणतात. त्या टिपून ठेवायच्या आहेत. त्यांचं दुःख त्यात सापडेल का? (गंगाखेड, जि. परभणी)

उत्तर : सापडेल, पण ‘मावशी, तुमच्या दुःखाची ओवी सांगा’ असं विचारलंत तर सापडणार नाही.

ओवी हाताच्या लयीत राहते. खुर्चीत बसवून विचारलं की म्हातारी दोन ओव्यांवर थांबते आणि ‘आता आठवत नाही’ म्हणते. घरात जातं असेल तर ते मांडा, मूठभर ज्वारी टाका, शक्यतो दोघींना समोरासमोर बसवा. एकीनं ओढलं की दुसरीला पुढची ओळ सुचते. जातं नसेल तर सूप द्या, धान्य पाखडू द्या. मोबाइल जात्यापासून हातभर लांब, गोधडीच्या घडीवर ठेवा. फरशीवर ठेवलात तर दगडाची घरघर शब्द खाऊन टाकते. गाणं झाल्यावर तीच ओवी हलक्या आवाजात बोलून घ्या आणि तेही रेकॉर्ड करा, नाहीतर घरी येऊन निम्मे शब्द लागत नाहीत.

लिहिताना बोली सुधारू नका. प्रत्येक ओवीपाशी गाव, साधारण वय, माहेर कुठलं आणि ओवी कुणाकडून ऐकली ते लिहा. भाऊ, माहेर, सासुरवास, सीतेचा वनवास, पंढरीची वाट असे गट आपोआप पडतील. सीतेच्या ओव्या नीट ऐका. स्वतःबद्दल जे उघड बोलता येत नाही ते बाया सीतेच्या नावानं बोलतात. आणि छापण्याआधी परवानगी घ्या. सासूबद्दलची ओवी नावासकट छापली तर त्या घरात काय होईल, याचा विचार आपण करायचा असतो.

हे काम मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ यांनी सहकाऱ्यांबरोबर महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यांत माजलगावच्या बायांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. तुमची वही त्याच वाटेवरची.

जनाबाईंबद्दल एक आग्रह. ‘दळितां कांडितां तुज गाईन अनंता’ एवढ्यावर थांबू नका. ‘डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारीं जाईन मी’ म्हणणारी आणि ‘आता मज मना कोण करी’ असं विचारणारी तीच जनाबाई आहे. दासी म्हणून जात्याशी बसलेली बाई भर बाजारात टाळ-वीणा घेऊन निघते. हा प्रवास शाळेत शिकवला जात नाही, ही मोठी उणीव आहे.

प्रश्न : तुकोबांना आत्मशोध लागला, पण त्यांच्या दुसऱ्या बायकोचं, जिजाईचं काय? ‘बरें जालें देवा बाईल कर्कशा’ वाचताना मला राग येतो. (गृहिणी, केज, जि. बीड)

उत्तर : राग योग्य आहे, तो आवरू नका. एकाच्या आत्मशोधाचा खर्च बऱ्याचदा दुसऱ्याच्या चुलीतून होतो. आपली परंपरा हे कमी बोलते.

प्रभात फिल्म कंपनीचा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ हा चित्रपट पुन्हा बघा, या वेळी फक्त जिजाईवर लक्ष ठेवून. दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल यांनी तुकोबांच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीसांना घेतलं आणि जिजाईसाठी गौरी यांना. पागनीस सगळ्या चित्रपटात जवळजवळ तरंगतात. गौरी यांची जिजाई जमिनीवर घट्ट उभी आहे. लेकरू आजारी पडतं तेव्हा ती त्याला घेऊन देवळात जाते आणि विठ्ठलावर पायातलं उगारते. कर्कशा म्हणून हसण्यावारी नेली जाणारी बाई दिग्दर्शकांनी इथे वेगळी केली. देवाशी इतकं सरळ बोलणं भक्तालाही जमत नाही.

पण नीट पाहिलंत तर जिजाईला स्वतःकडे पाहायला निवांत जागा मिळत नाही. ती सतत कामात आणि तिच्या प्रत्येक वाक्यात पोरांची भूक. तुकोबांकडे डोंगर होता. सोसणं दोघांचंही, सोसलेल्याकडे बघायला एकांत एकाला. दुःखातून उमज येण्यासाठी दुःखाइतकीच ही उसंतही लागते, आणि ती घरात कुणाला मिळते हा प्रश्न कुठलीही कविता, कुठलाही चित्रपट पाहताना विचारायला हवा.

प्रश्न : आम्ही चौघांनी ऊसतोड जोडप्यावर बारा मिनिटांची शॉर्टफिल्म केली. पाहणारे रडतात, पण दुसऱ्या दिवशी कुणाला काही आठवत नाही. एका जाणकारानं ‘रडका सिनेमा’ म्हणून मोडीत काढली. दुसरी करायची आहे. (लातूर)

उत्तर : लिंक पाहिली. पहिला शॉट भेगाळलेल्या जमिनीचा आहे. हा शॉट आपल्याकडच्या दहातल्या आठ फिल्ममध्ये असतो आणि तो काहीच सांगत नाही. मराठवाड्याची काळी जमीन भरपूर पाऊस झालेल्या वर्षीही उन्हाळ्यात भेगाळते, तो तिचा स्वभाव आहे. दुष्काळ दाखवायचा तर बोअरवर लावलेली घागरींची रांग, दावणीला बैल नसलेला गोठा, कुलूप लावलेली घरं आणि ओट्यावर बसलेले फक्त म्हातारे दाखवा. दसरा-दिवाळीनंतर तोडीला गेलेल्या गावाची हीच खूण.

दुसरी गोष्ट, पहिल्याच मिनिटाला बाईच्या डोळ्यांत पाणी आणि मागे बासरी. प्रेक्षक लगेच हळहळतो. एकदा हळहळला की त्याला वाटतं आपलं काम झालं. मग पुढची अकरा मिनिटं त्याला काही शोधायचं उरत नाही.

नवी फिल्म लिहिण्याआधी एका वाक्याचं उत्तर काढा : ही बाई सुरुवातीला काय करू शकत नाही आणि शेवटी काय करते? ‘तिला स्वत्व सापडतं’ हे उत्तर चालणार नाही, ते कॅमेऱ्याला दिसत नाही. तुमच्याच फिल्ममध्ये धागा पडून आहे. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, पण उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मोजून घेतो नवरा आणि मुकादमाच्या वहीत नाव त्याचं. तुमच्या नायिकेनं ती वही कधी उघडून पाहिलेली नाही. अकराव्या मिनिटाला ती फडात मुकादमापुढे उभी राहून ‘वही दाखवा’ एवढं म्हणते, असं ठेवा. मुकादम वही दाखवतो की नाही, हे ठरवायची घाई करू नका. ते वाक्य तिच्या तोंडून यायला आधीची दहा मिनिटं काय काय घडायला हवं, त्यावर पटकथा उभी करा. पहाटे अंधारात मोळ्या बांधताना ती मोजते, मुलगी खोपीत पाटीवर आकडे गिरवते, एका रात्री ती मुलीकडून दोन आकडे लिहून घेते. साधारण एक पान म्हणजे एक मिनिट या हिशेबानं बारा पानं, त्यात बोलणं कमीत कमी.

चित्रीकरणात काम पूर्ण दाखवा. ऊस बुडातून तोडणं, पाचट सोलणं, वाढं छाटणं, मोळी बांधणं, ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं. तुम्ही यातलं प्रत्येक दोन सेकंदांत कापलंय. फळीवरून चढण्याचा शॉट एकदा तरी न कापता ठेवा, फळी लवते ते दिसू द्या. तोडणारा कमरेत वाकलेला असतो, त्यामुळे उभ्या माणसाच्या उंचीवरून फक्त पाठी दिसतात. कॅमेरा जमिनीपासून दोन फुटांवर आणा, हात आणि चेहरा दोन्ही मिळतील. कोयत्याचा घाव, पाचटाची सळसळ आणि नुसत्या फडाचा किमान एक मिनिट आवाज वेगळा रेकॉर्ड करून ठेवा. तुमच्याकडे हे नव्हतं म्हणूनच संकलनात बासरी भरावी लागली, असं दिसतं. आणि मजुरी टनावर असते. शूटिंगसाठी टोळी तासभर थांबली तर तेवढं नुकसान त्यांचं, ते आधी भरून द्या.

नमुना म्हणून ‘फँड्री’चा शेवटचा भाग बारकाईनं पाहा. नागराज मंजुळे यांचा हा २०१३ सालचा चित्रपट. सगळ्या गावासमोर डुक्कर धरायची वेळ येते आणि त्यातला शाळकरी मुलगा जब्या शाळेतल्या पोरांपासून तोंड लपवत राहतो. मध्येच शाळेत राष्ट्रगीत लागतं, घरचे सगळे जागच्या जागी ताठ उभे राहतात आणि डुक्कर निसटतं. धरलेलं डुक्कर खांद्यावरून नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेबांचं चित्र असतं. कुणी काही समजावून सांगत नाही. सगळ्या चित्रपटात नजरा चुकवणारा मुलगा शेवटी वळतो आणि दगड भिरकावतो, तो थेट आपल्याकडे येतो. आत्मभान दाखवायचं म्हणजे हे : अंगाची दिशा बदलली. तो दगड आपल्याला लागतो कारण तोवर आपणही बघ्यांतलेच होतो.

प्रश्न : माझ्या वर्गात दोन मुलांच्या वडिलांनी आत्महत्या केली आहे. या मुलांना कविता लिहायला लावली तर मन मोकळं होईल का? स्नेहसंमेलनात वाचून घ्यावी का? (शिक्षक, कळंब, जि. धाराशिव)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी : नाही. टाळ्यांसाठी मुलाचं दुःख व्यासपीठावर नेऊ नका. मूल पुढे वर्षभर ‘ते कवितावालं पोरगं’ होऊन बसतं आणि त्याला दुसरं काही लिहिता येत नाही.

लिहू द्यायचं तर सगळ्या वर्गाला एकच काम द्या, त्या दोघांना वेगळं काढू नका. ‘माझे बाबा’, ‘माझं कुटुंब’ असे विषय टाळा. वीस मिनिटं द्या आणि सांगा, घरातल्या दहा वस्तू लिहा, मग त्यांतली एक निवडून ती कुठे असते, कोण हाताळतं, आता कशी दिसते ते सहा-आठ ओळींत लिहा. अट एकच : दुःख, वेदना, अश्रू, काळोख हे शब्द वापरायचे नाहीत. हे शब्द मुलं पाठ्यपुस्तकातून उचलतात आणि त्यांच्या आड लपतात. अट घातली की खुंटीवरचा सदरा येतो, बंद पडलेली मोटारसायकल येते. ‘मी’ऐवजी ‘एक मुलगा’ लिहिलं तरी चालेल, हेही सांगा.

वाचून दाखवायचं की नाही हे मुलानं ठरवायचं. वही घडी घालून द्यायची मुभा ठेवा. शुद्धलेखन तपासू नका, गुण देऊ नका, ‘छान’ असा शेराही नको. ‘सदऱ्याची गुंडी तुटलेली आहे हे तू पाहिलंस’ एवढं लिहा. त्यानं जे पाहिलं ते तुम्हीही पाहिलंत, हे त्याला कळतं.

कुणाच्या लिखाणात स्वतःला संपवण्याचा विचार दिसला तर तो कविता म्हणून सोडून देऊ नका आणि गुपित म्हणूनही ठेवू नका. त्याच दिवशी मुलाशी एकट्यानं शांतपणे बोला, घरातल्या विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मुलांसाठी चाइल्डलाइनचा १०९८ आहे. कवितेनं मुलाला शब्द मिळतात, उपचार मिळत नाहीत.

प्रश्न : मी सरकारी कार्यालयात कारकून आहे. दुष्काळ नाही, भूक नाही, वेळेवर पगार आहे. मग माझ्या कवितेला अर्थ नाही का? (नांदेड)

उत्तर : आहे. जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांचा १९५२ सालचा चित्रपट ‘इकिरू’ मिळवून पाहा, तो तुमच्याच टेबलावरचा आहे. वातानाबे हा नगरपालिकेतला विभागप्रमुख तीस वर्षं कागदांवर शिक्के मारतोय. वस्तीतल्या बाया घाण पाण्याचं डबकं बुजवून मुलांसाठी बाग करा म्हणून अर्ज आणतात आणि त्यांना या खिडकीतून त्या खिडकीत फिरवलं जातं. मग त्याला पोटाचा कर्करोग झाल्याचं कळतं. तो आधी दारू पितो, रात्रभर भटकतो, एका तरुण मुलीच्या उत्साहाला चिकटू पाहतो. त्यातून काही मिळत नाही. शेवटी तो ऑफिसात येऊन ढिगातून तोच बागेचा अर्ज बाहेर काढतो.

यानंतर कुरोसावांनी जे केलं ते धाडसाचं आहे. ते थेट वातानाबेच्या मृत्यूनंतरच्या बैठकीवर उडी मारतात आणि त्याचं सगळं झगडणं सहकाऱ्यांच्या आठवणींतून तुकड्या-तुकड्यांनी कळतं. दारूच्या भरात सगळे शपथ घेतात, आपणही असंच काम करू. दुसऱ्या दिवशी ऑफिसात नवा अर्ज येतो आणि तो पुन्हा दुसऱ्या खिडकीकडे पाठवला जातो. त्याची उमज त्याच्यापुरतीच राहिली. तुमच्या कवितेचा विषय तुमच्या ढिगातला एखादा अर्ज असू शकतो. भूक उसनी आणू नका, ती लगेच ओळखू येते.

प्रश्न : गावातल्या वाचनालयात एका संध्याकाळी चित्रपट आणि कविता एकत्र ठेवायचंय. शंभरेक माणसं येतील. कसं जमवावं? (वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : वर आलेला ‘संत तुकाराम’च घ्या. चित्रपटाचं कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं चालतं, त्यामुळे या चित्रपटाची मुदत केव्हाच संपली आहे. नव्या चित्रपटासाठी निर्मात्याची लेखी परवानगी लागते, मोबाइलवरून डाउनलोड करून दाखवू नका. लांबी दोन तासांहून थोडी जास्त आहे. उन्हाळ्यात उघड्यावर साडेसातच्या आधी पडद्यावर काही दिसत नाही, तेव्हा साडेसहाला कविता, पावणेआठला चित्रपट.

कवितेसाठी ‘याती शूद्र वैश’ आणि ‘बरें जालें देवा’ हे दोन अभंग मोठ्या अक्षरात एका कागदावर छापून वाटा. आधी कुणी अर्थ सांगायचा नाही. गावातल्या भजनी मंडळाला एक अभंग चालीत म्हणायला लावा, मग तोच कुणीतरी सावकाश वाचून दाखवा. चर्चा चित्रपटानंतर ठेवाल तर निम्मी माणसं उठून जातील, म्हणून मध्यंतर करा आणि वीस मिनिटं तिथेच बोला. पहिला प्रश्न बायकांच्या बाजूला विचारा, जिजाईबद्दल.

एक सूचना आधीच करून ठेवा : ‘आधी बीज एकले’ हे यातलं गाणं गाथेत नाही. ते शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी लिहिलं, पण इतकं बेमालूम की पुष्कळ जण ते तुकोबांचंच समजतात. कुणी ना कुणी गाथा घेऊन ते शोधायला बसेलच. आणि जुन्या चित्रपटाचा आवाज दबका असतो. एकच मोठा स्पीकर पडद्यामागे लावण्यापेक्षा दोन लहान स्पीकर बसलेल्यांच्या डोक्याच्या उंचीवर, पडद्याच्या दोन्ही बाजूंना ठेवा आणि प्रेक्षक यायच्या आधी शेवटच्या रांगेत बसून जिजाईचं एक वाक्य ऐकून बघा.